सरोज मॅडम आणि माझा ब्रेकचा पाय

सरोज मॅडमना माझं तोंड कधी लक्षात राहिलं नाय. यात त्यांची चूक नाय. माझ्या तोंडात लक्षात ठेवण्यासारखं काय नाय, हे माझ्या बायकोनं लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं. पण मॅडमचं सगळ्यांच्याच बाबतीत तसं होतं. समोर माणूस आला की आपण वर बघतो, त्या खाली बघायच्या. तहसीलदार आला असता तरी आधी त्याचे बूट बघितले असते, मंग नमस्कार केला असता.

त्या जव्हारला भाड्याच्या खोलीत राहायच्या अन् बाजाराच्या दिवशी मोखाड्याला यायच्या. कसली तरी संस्था होती, तिनं दवाखान्याच्या मागं एक खोली त्यांना घेऊन दिली होती. दारावर फिजिओथेरपी असं लिहिलेलं होतं म्हणे. मला वाचता येत नाय, अन् ज्यांना वाचता येत होतं त्यांना ते बोलता येत नव्हतं. म्हणून सगळे म्हणायचे, पायाच्या मॅडम. टाच दुखू दे, गुडघा दुखू दे, कंबर दुखू दे, पायाच्या मॅडमकडं जा. पन्नाशीच्या होत्या, अंगानं बारीक, साडीच्या खाली पोरं घालतात तसले पळायचे बूट. सुती साडी अन् पळायचे बूट, असं ध्यान मोखाड्यानं आधी बघितलं नव्हतं. पयल्या बाजाराला माणसं दुखणं विसरून तेच बघायला गेली होती. मी पण गेलो होतो.

मी काळूराम, जव्हार-मोखाडा जीप चालवतो. शाळेत मला बापानं घातला होता, पण मास्तरनं काढून ठेवला, म्हणाला बाकीची पोरं बिघडतात.

मॅडमकडं सुई नव्हती अन् गोळी पण नव्हती. आमच्याकडं सुई मारली नाय तर माणूस म्हणतो, तपासलंच नाय. एक म्हातारा तर बाही वर करूनच आत गेला अन् तसाच बाहेर आला. विचारलं काय दिलं, तर म्हणाला, "चालायला लावलं. मी इथवर चालतच आलो होतो ना?"

चालायला लावायच्या, हे खरं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अन् आमची माणसं मॅडम बघतात म्हटल्यावर छाती काढून, पाय मोजून टाकायची. मॅडम ओरडायच्या, "नवरदेवासारखं नको! पाणी आणायला जातोस तसं चाल." मंग एक परात होती. तिच्यात पाणी. पाय बुडवायचा अन् काळ्या फरशीवर ठेवायचा. ओला ठसा उठला की मॅडम खाली बसून बघायच्या. कुणाचा ठसा मधी कोरलेला, कुणाचा भाकरीसारखा सपाट. ठसा सुकेपर्यंत बघायच्या अन् पायाबद्दल असं बोलायच्या जसा तो कुणी शेजारी आहे. "हा आळशी आहे. याचं काम तो दुसरा करतो." दोन पाय म्हणजे दोन भाऊ, असं त्यांचं म्हणणं. "एक बसून खातो, एक राबतो. दुखतो कोण? राबणारा. तुम्ही तेल चोळता राबणाऱ्याला. मला बसलेल्याला उठवायचंय." बाहेरच्या बाकड्यावर दोन सख्खे भाऊ बसले होते, ते हे ऐकून एकमेकांकडं बघायला लागले.

सूर्यमाळच्या बाजूची एक आजी माझ्याच जीपनं यायची. तिचा डावा गुडघा गेला होता. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी खाली उतरून आणावं लागतं अन् मंग चढ. मॅडमनी विचारलं, "आजे, चढताना काय काय घेतेस?"

"डोक्यावर हंडा. कंबरंवर नातू."

"कुठल्या कंबरेवर?"

"या, डाव्या."

"कधी उजवीकडं घेत नाहीस?"

"उजव्या हातानं हंडा धरायचा ना बाय. तू काय दोन्हीकडं माणसं बसवतंस काय?"

मॅडमनी हंडा भरून आणवला, आजीच्या डोक्यावर दिला, नातवाच्या जागी स्वतःची पिशवी दिली अन् म्हणाल्या चाल. अन् स्वतः फरशीवर पोटावर पालथ्या पडल्या. गाल जमिनीला लावून आजीच्या टाचा बघायच्या. मी दारातून बघत होतो, मला वाटलं बाई चक्कर येऊन पडली, मी पाणी पाणी म्हणून ओरडलो. मॅडम खालूनच म्हणाल्या, "गप रे."

नातवासाठी आजी कंबर बाहेर काढायची, त्यानं गुडघा आत वाकायचा, अन् सगळा चढ त्या वाकड्या गुडघ्यावर. मॅडम म्हणाल्या, नातू लुगड्यात पाठीशी बांध, अन् घरी दाराची चौकट धरून पाय बाजूला उचल, रोज.

"सून म्हणंल म्हातारी नाचायला लागली."

"सुनेला पण नाचव. पुढचा हंडा तिचाच आहे."

पावसाच्या आधी आजी परत आली, पदरात काकड्या घेऊन. गुडघा बरा झाला का विचारलं तर म्हणाली, "हाय. पन आता चढावर बोलत नाय."

आता माझं सांगतो.

माझा उजवा पाय दुखायचा. टाचेत टोचायचं, गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठणकायचं. मी म्हणायचो, दुखतोय म्हणजे आहे. मंग एकदा भरलेली जीप घेऊन घाट उतरत होतो, वळणावर बैल मधी उभा. ब्रेक दाबायला गेलो अन् टाचेपासून वरपर्यंत अशी कळ गेली की पाय तिथंच राहिला. माझा पाय, पण दुसऱ्याचा असल्यासारखा. डावा पाय उचलून कसातरी ब्रेकवर टाकला, हँडब्रेक ओढला, जीप डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली अन् कलून थांबली. मी म्हणालो, "उतरा. लघवीला थांबलोय." माणसं हसली. बैल पण गेला. माझा पाय मात्र खाली थरथरत होता अन् तो काय हसत नव्हता.

दुसऱ्या बाजूला दरी होती. त्या दिवसापासून प्रत्येक वळणाच्या आधीच मी डावा पाय ब्रेकशेजारी आणून ठेवायचो. जीप माझी आहे, तिच्यातली माणसं काय माझी नाय. अन् गाडी सोडून मला दुसरं काय येत नाय. नांगर धरला तर बैल मागं वळून बघतो.

यमी, माझी बायको, म्हणाली, "पायाच्या मॅडमकडं जा."

"त्या गाडी बंद कर म्हणतील."

"मंग गाडीचं सांगू नको. तसं पण तुला बघून कोन म्हणंल ड्रायव्हर."

माझी चप्पल खिळ्यांवर जगत होती. मॅडम पायातलं आधी बघतात म्हटल्यावर ती घालून जायची लाज वाटली. मेहुणा देवराम ठाण्याची वॉचमनगिरी सोडून नुकताच परत आला होता, त्याचे तिथले काळे बूट होते. ते घातले, साबणानं पाय धुतले, केसाला तेल लावलं. यमी म्हणाली, "पाय दाखवायला चाललास का पोरगी बघायला?"

मॅडमनी बूट हातात घेतला, खिडकीकडं धरला, तळ फिरवून बघितला. "तू बाहेरच्या कडेवर चालतोस."

"हो."

"घोटा बाहेरून मुरगळत असेल."

"सारखा मुरगळतो." शिकलेल्या माणसाला मी नाय म्हणत नाय.

मंग परात. पाय बुडवला, फरशीवर ठेवला. उजव्याचा ठसा उठला सपाट भाकरी, सगळी आतल्या बाजूला पडलेली. मॅडमनी ठसा बघितला, बूट बघितला, परत ठसा बघितला.

"हा बूट आणि हा पाय एका माणसाचे नाहीत."

"मॅडम, पाय माझाच आहे. शप्पथ."

"बूट कुणाचा?"

"मेहुण्याचा."

"मग त्याला पाठव, त्याचा घोटा मुरगळतोय. तुझा पाय तर आत कोसळतोय." मंग मला एका पायावर उभं केलं. डाव्यावर उभा राहिलो. उजव्यावर उभा राहिलो तर कंबर एकीकडं गेली, गुडघा दुसरीकडं गेला अन् मी मॅडमच्या टेबलावर गेलो. "कंबरेची बाजू ढिली, पाय आत. पण उजवाच का? काम काय करतोस?"

"शेती."

"उजव्या पायानं वेगळं काय करतोस?"

"काय नाय. डाव्याच्या पुढं टाकतो."

शेवटी त्यांनी माझा तळवा स्वतःच्या हातावर घेतला अन् म्हणाल्या, "दाब. सगळा जोर लाव." मी बोटं टेकवली.

"एवढाच?"

"एवढाच."

मॅडमनी मान हलवली. "तुमच्या मोखाड्यात कुणाच्याच पायात जोर कसा नाही?"

आता मजा अशी, की या मॅडम बाजाराच्या दिवशी येताना-जाताना माझ्याच जीपनं यायच्या. मागं बसल्या की त्यांना उलटी व्हायची, म्हणून पुढं, माझ्या शेजारी. तरी मला ओळखलं नव्हतं, कारण तोंड. म्हणून मी बिनधास्त शेतकरी झालो होतो. पण त्याच दुपारी त्या परत जायला जीपमधी बसल्या. आमच्याकडं पुढं ड्रायव्हर धरून चारजण बसतात, तशी रीतच आहे. तिघं डावीकडं दाबून बसले की ड्रायव्हरचं अर्धं बूड सीटवर अन् अर्धं दाराबाहेर. दार दोरीनं बांधलेलं. मी गाडी चालू केली. मॅडमनी खाली बघितलं.

"थांब."

"काय झालं मॅडम?"

"हा पाय मी सकाळी बघितलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तुमी तर समद्यांचेच बघता."

"शेती करतोस ना रे तू?"

"करतो. गाडीत बसून करतो."

हसल्या नाय. माझ्या जोकला त्या हसायच्याच नाय, हे मला पायापेक्षा जास्त दुखायचं. खाली उतरल्या, फेरी मारून माझ्या दाराशी आल्या अन् भर स्टँडवर रस्त्यात उकिडव्या बसल्या. स्वतःच्या जागी एका जाड्या वांगीवाल्याला बसवलं. मला म्हणाल्या, "रोज बसतोस तसा बस. ब्रेक दाब. सोड. परत दाब." माणसं जमली. कुणी म्हणालं गाडीचा ब्रेक गेला, कुणी म्हणालं नाय, काळूचा गेला.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "कंबर बाहेर लटकलेली. पाय तिकडून तिरका आत येतो, गुडघा आत पडतो, अन् ब्रेकवर तळव्याची आतली कड. वर्षानुवर्षं असं दाबलंस तर पाय काय करेल बिचारा?" मंग थोड्या थांबल्या. "बाजाराच्या दिवशी तुझ्या शेजारी कोण बसतं?"

मी म्हणालो, "तुम्हीच."

तेव्हा त्यांनी पयल्यांदा वर माझ्या तोंडाकडं बघितलं. "म्हणजे तुझ्या दुखण्यावर मीच बसत होते."

मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही हलक्या आहात, वांगीवाला असता तर पाय तुटून पडला असता." तरी हसल्या नाय.

"घाटात कधी अडकला का हा पाय?"

"अडकला तर ढकलून चालू करतो."

त्या तशाच बसून राहिल्या, माझ्याकडं बघत. मला दुसरा जोक सुचंना. मी म्हणालो, "अडकला होता एकदा, वळणावर बैल मधी उभा होता तेव्हा. आता प्रत्येक वळणाला भीती वाटते."

"गाडी बंद," मॅडम म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत."

देवराम घरी रिकामाच होता. गाडी तो चालवायला लागला, पण मॅडमनी त्याला बजावलं, पुढं तिघंच. मी स्टँडवर उभा राहून "जव्हार जव्हार" ओरडायला लागलो. पॅसेंजर उतरून मला मुद्दाम सांगायचे, "देवराम काय मऊ चालवतो रे. तुझ्या गाडीत दात हातात धरून बसावं लागायचं." मॅडमनी मला व्यायाम दिले होते. पायरीवर टाचा उचलायच्या, अन् उभं राहून पाय बाजूला उचलायचा, काहीतरी धरून. स्टँडवर धरायला विजेचा खांब. मी खांब धरून पाय उचलला की स्टँडवरचा कुत्रा जवळ येऊन बघत उभा राहायचा. त्याची जागा होती ती. अख्ख्या बाजारानं बघितलं. यमी घरी म्हणाली, "ऐकलं मी. भुंकायला कधी शिकवनार मॅडम?"

चपलेत ठेवायला तुकडा पण केला. बाजारातल्या मोच्याच्या शेजारी मॅडम स्वतः गोणपाटावर बसल्या अन् जुन्या हवाई चपलेचा रबर कापून घेतला, आतल्या बाजूला जाड, बाहेर पातळ. तीनदा कापला, तीनदा मला चालवलं. मोची म्हणाला, "मॅडम, एवढी नजर तर मी सासऱ्याच्या चपलेला पण देत नाय."

टाचेची कळ हळूहळू कमी झाली. गुडघा पण. एका पायावर उभा राहिलो तर टेबलावर जायचो नाय. पण हातावर दाब म्हटलं की जोर एवढाच. मॅडम वैतागल्या. "कळत नाही मला. ती आजी हंडा घेऊन डोंगर चढते, अन् माझ्या हातावर पाय दाबला की कापसाचा पाय. सगळ्यांचं असंच. एवढी अशक्त माणसं चढतात कशी?"

मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या हातावर जोर कोण लावील? चुकून कुणाला पाय लागला तरी आम्ही हात लावून कपाळाला लावतो. अन् तुम्ही म्हणता लाथ मारा. ती पण मॅडमला."

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "अन् मी तुम्हां सगळ्यांना अशक्त समजून व्यायाम वाटत बसले!"

"काय बिघडलं नाय," मी म्हणालो, "कुत्रा सोडून कुणाला त्रास झाला नाय."

पुढच्या बाजारापासून खोलीत भिंतीला एक वीट आली, गोणपाटात गुंडाळलेली. तिच्यावर दाबायचं. विटेला कुणी पाया पडत नाय. आजीनं दाबलं तर भिंतीचा पोपडा पडला. मॅडम खूष.

माझी पाळी आली तेव्हा मी विटेजवळ जाऊन बसलो. मॅडम म्हणाल्या, "इकडं. माझ्या हातावर."

"वीट आहे ना मॅडम."

"विटेला काय कळणार, पाय मधेच ढिला पडतोय का ते. मला हातात कळलं पाहिजे. नाहीतर गाडी देणार नाही." त्या चटईवर बसल्या, दोन्ही हात पुढं करून माझा तळवा धरला. "गाडी भरलेली आहे. वळण आहे. पुढं बैल आहे. दाब."

मी दाबल्यासारखं केलं.

"बैल मेला."

"मॅडम, पाप लागंल."

"आता गाडी दरीकडं चाललीय. मागं आजी बसलीय, तिचा नातू आहे. दाब, काळूराम!"

नाव माहीत होतं त्यांना! मी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले अन् दाबला. आयुष्यात ब्रेक असा दाबला नव्हता. परातीचा केवढा तरी आवाज झाला. डोळे उघडले तर मॅडम चटईसकट भिंतीपर्यंत गेलेल्या, परात उलटी, सगळं पाणी मांडीवर. मी झेप घेऊन त्यांचे पाय धरले, माफी करा माफी करा. वर बघतो तर मॅडम हसत होत्या. मनगट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी एवढे जोक मारले, अन् बाई हसली ती लाथ मारल्यावर.

"वाचला बैल," म्हणाल्या. "जा. चालव गाडी."

पाय आता एकदम नवा झालाय असं नाय. जास्त वेळ गाडी चालवली तर सकाळी उठताना टाच सांगते की मी आहे. रबराचा तुकडा काढून ठेवला तर दोन दिवसांत कळतं. पण ब्रेकवर गेला की जातो, अन् जिथं पाहिजे तिथं थांबतो. पुढं तिघंच, माझ्यासकट. माणसं आधी भांडली, "आमी काय टपावर बसू?" मंग एक दिवस मॅडमच पुढची जागा सोडून मागं जाऊन बसल्या, कोंबड्यांच्या टोपलीला चिकटून, नाकाशी लिंबू धरून. अर्ध्या रस्त्यात मला गाडी थांबवायला लागली त्यांच्या उलटीसाठी. त्यानंतर कुणी भांडलं नाय.

दिवाळी झाल्यावर संस्थेचं काम संपलं अन् मॅडम गेल्या. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. एका बाजाराला आलो तर खोलीला कुलूप अन् बाहेर बाकड्यावर माणसं पाय धुऊन बसलेली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आदल्या बाजाराला. मोखाड्याहून जव्हारकडं सकाळचीच भरलेली जीप घेऊन उतरत होतो. समोरून चढावर एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजाराला चालली होती. अन् तिच्या मागं चार हात अंतरावर सरोज मॅडम. देवराम आता दुसऱ्याची जीप चालवायचा, त्या दिवशी मॅडमचं येणं-जाणं तिच्यातूनच झालं, अन् येताना त्या मधीच उतरल्या असणार. साडी वर खोचलेली, पळायचे बूट, मान खाली, नजर त्या बाईच्या टाचांवर. मोळीवाली काहीतरी बोलत होती, मॅडम खाली बघूनच हूं हूं करत होत्या. रस्ता तिथं उखडलेला आहे, गाडी जोरात गेली की माणूस पांढरा होतो. मी लांबूनच हॉर्न दिला. मोळीवाली कडेला झाली. मॅडमनी वर बघितलं नाय, नुसता हात उचलला, जा म्हणून.

मी ब्रेकवर पाय ठेवला अन् दाबत नेला. मागून कुणीतरी विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काय नाय," मी म्हणालो.

जीप बैलगाडीसारखी त्यांच्या शेजारून गेली. धूळ उडाली नाय.